मंगळावर माणूस न्यायला अडतंय कुठे?

प्रश्न असा: 1969 साली माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतर रॉकेटं मोठी झाली, मंगळाच्या जमिनीवर गाड्या वर्षानुवर्षं फिरू लागल्या, भारताचं मंगळयानही त्या ग्रहाभोवती फिरलं. मग माणूस अजून का गेला नाही? पैसा कमी पडतोय, रॉकेट कमी पडतंय, की कुणाला गरजच वाटत नाही?

तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण माझ्या मते खरी गोची दुरुस्तीची आहे. माणसं नेणारं यान म्हणजे जवळजवळ तीन वर्षं अखंड चालवायचा कारखाना, आणि त्यातलं काही बिघडलं तर बाहेरून एक वायसरही येणार नाही. असं यंत्र आजवर कुणी चालवून दाखवलेलं नाही. वजन, उतरणं, आजारपण या बाकीच्या अडचणी खऱ्याच आहेत, पण या एका गोष्टीमुळे त्या कितीतरी अवघड होऊन बसतात.

मी हे कुठल्या बाजूने बोलतोय ते आधीच सांगतो. मी रॉकेटवाला नाही. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत मरीन इंजिनिअरिंग शिकलो, नोकरीचा बराच काळ पाणबुड्यांच्या यंत्रविभागात गेला, आणि त्यातही बंद जागेतली हवा श्वास घेण्याजोगी ठेवणं हे माझं काम. रॉकेटवाल्याला विचाराल तर तो इंधनापासून सुरुवात करील, डॉक्टर हाडांपासून. मी हवेपासून करणार. त्याआधी अंतराचं बोलू, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

चंद्र सरासरी 3,84,000 किमीवर, तीन दिवसांच्या वाटेवर. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 ची प्राणवायूची टाकी वाटेत फुटली, तरी तिघेही चार दिवसांत घरी पोचले. मंगळ जवळ येतो तेव्हा साधारण साडेपाच कोटी किमीवर असतो, लांब जातो तेव्हा 40 कोटींवर. पण नुसतं अंतर फसवं आहे, कारण मंगळाकडे सरळ कुणी जात नाही. सूर्याभोवती अर्धं वळण घेत जावं लागतं, आणि दोन्ही ग्रहांची जुळणी साधारण 26 महिन्यांनी एकदाच होते. आपलं मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि 24 सप्टेंबर 2014 ला पोचलं. वाटेत त्याचं मुख्य इंजिन जवळपास 300 दिवस झोपून होतं. ते पुन्हा पेटेल का ही धाकधूक इतकी होती, की दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून खात्री करून घेतली. ते यान 1,337 किलोचं, माणूस नसलेलं आणि परत न येणारं होतं.

माणसांच्या मोहिमेचा हिशेब असा: जायला सहा ते नऊ महिने, तिथं परतीची वेळ जुळेपर्यंत दीड वर्षाच्या आसपास मुक्काम, यायला पुन्हा सहा ते नऊ महिने. मुक्काम महिनाभराचा करून लवकर परतायचा मार्गही आहे, पण त्याला इंधन फार लागतं आणि तरीही दीड-दोन वर्षं जातात. कुठलाही मार्ग घ्या, एकदा मंगळाच्या दिशेने धक्का दिला की मागे वळणं नाही. मागे वळायचं तर आधी तो सगळा वेग मारावा लागेल, आणि तेवढं इंधन यानात नसतं. तिसऱ्या महिन्यात काही बिघडलं तरी प्रवास पुढेच करायचा.

आता लोक म्हणतात, अंतराळ स्थानकात माणसं वर्ष-वर्ष राहतात की! राहतात. पण ते स्थानक 400 किमीवर आहे, म्हणजे मुंबई ते गोवा अंतरापेक्षाही कमी. दर काही महिन्यांनी मालवाहू यान जातं, आणि घरी यायचं यान कायम दाराशी बांधलेलं असतं. 2010 च्या जुलैअखेरीस तिथला अमोनियाचा पंप बंद पडला आणि अर्धी थंड करायची यंत्रणा गेली. बाहेर तीन फेऱ्या मारून जादा पंप बसवला, कारण जादा पंप तिथं होता. डिसेंबर 2022 मध्ये रशियाच्या सोयूझ यानातून शीतक गळून गेला, तेव्हा पृथ्वीवरून रिकामं सोयूझ पाठवलं. त्या यानाने गेलेले अंतराळवीर फ्रँक रुबिओ सहा महिन्यांसाठी गेले होते, ते 371 दिवसांनी परतले. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून 2024 मध्ये आठ-दहा दिवसांसाठी गेले, यानाबद्दल शंका आली, आणि मार्च 2025 मध्ये दुसऱ्याच यानाने आले. या प्रत्येक गोष्टीकडे लोक धैर्याची कथा म्हणून पाहतात. मला त्यात पुरवठा दिसतो. प्रत्येक वेळी सुटका खालून आली.

आता हवा. एका माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो सुमारे किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद डब्यात माणूस मरतो तो बहुधा प्राणवायू संपला म्हणून नव्हे. त्याआधीच कार्बन डायऑक्साइड चढतो. डोकं दुखतं, चिडचिड होते, साधी बेरीज चुकते, आणि चुकतेय हे कळत नाही. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्के असतो. अंतराळ स्थानकात साधारण त्याच्या दहापट असतो, आणि तिथले लोक डोकेदुखीची तक्रार करत आले आहेत. वजनरहित अवस्थेत आणखी एक भानगड: गरम हवा वर जात नाही, कारण ‘वर’ असं काही नसतंच. झोपलेल्या माणसाच्या नाकासमोर त्याच्याच उच्छ्वासाचा गोळा साचतो. म्हणून पंखे सतत चालू ठेवावे लागतात, आणि म्हणून अंतराळ स्थानकात कायम आवाज असतो. पंखा थांबला की पाणबुडीतला माणूससुद्धा झोपेतून उठतो. सवयच तशी लागते.

रशियन बनावटीच्या पाणबुड्यांत हवा ताजी करायला पोटॅशियम सुपरऑक्साइडच्या प्लेटी वापरतात. त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि प्राणवायू सोडतात. वीज नको, पंप नको, फार सुरेख रसायन. सोयूझ यानातही तेच आहे. पण त्याला तेल आणि पाणी लागलं की आग. ऑगस्ट 2000 मध्ये कुर्स्क पाणबुडी बुडाल्यावर मागच्या कप्प्यात 23 जण जिवंत होते. तेलकट पाण्यात अशी प्लेट पडून भडका उडाला. प्राणवायू देणाऱ्या मेणबत्त्या, म्हणजे तापवल्या की प्राणवायू सोडणाऱ्या रसायनाच्या कांड्या, त्यांचंही तेच. फेब्रुवारी 1997 मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकात अशी एक मेणबत्ती पेटून ज्वाळा सुटल्या, आणि बाहेर पडायच्या दोन यानांपैकी एकाची वाट त्या आगीपलीकडे राहिली. मार्च 2007 मध्ये ब्रिटिश पाणबुडी टायरलेस आर्क्टिक समुद्रात बर्फाखाली असताना मेणबत्तीचा स्फोट होऊन दोन नौसैनिक गेले. जगवणारी वस्तूच पेटते, हे आमच्या धंद्यातलं रोजचं भय.

तरीही अशी रसायनं तीन वर्षं पुरवणं शक्य नाही. चार माणसांसाठी टनावारी न्यावी लागतील. म्हणून मंगळासाठी फिरतं चक्र हवं. स्थानकावर ते आहे: पाण्याचं विघटन करून प्राणवायू, उरलेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून पुन्हा पाणी, आणि तयार झालेला मिथेन बाहेर सोडून द्यायचा. त्या मिथेनबरोबर हायड्रोजन जातो, म्हणून कार्बन डायऑक्साइडमधला जेमतेम निम्मा प्राणवायू परत मिळतो. हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारं यंत्र तर नेहमीचं दुखणं आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या झिओलाइट खनिजाचे दाणे असतात, त्यांची पूड होते, पूड झडपांत शिरते, झडप अडकते. मग अंतराळवीर पाने घेऊन बसतात. ही यंत्रं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. उलट ती जगातल्या उत्तम लोकांनी बनवलेली आहेत. सतत चालणारं रासायनिक यंत्र असंच वागतं.

पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. स्थानकात लघवीपासून पाणी काढणारं यंत्र 2009 मध्ये बंद पडलं. आत कॅल्शियम सल्फेटचा थर बसला होता. पृथ्वीवरच्या चाचणीत तो बसला नव्हता. कारण शोधलं तेव्हा कळलं, वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि यंत्र बनवलं होतं ते पृथ्वीवरच्या माणसांची लघवी गृहीत धरून. उपाय निघाला: लघवीत मिसळायचं आम्ल बदललं, आणखी यंत्रं जोडली, आणि 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. फार मोठं काम आहे ते. पण बिघाडापासून त्या 98 टक्क्यांपर्यंत किती वर्षं गेली आणि मधल्या काळात पृथ्वीवरून किती पाणी आणि किती सुटे भाग गेले, तेही पाहा.

‘मग जादा भाग भरपूर न्या’ असं लोक सहज सुचवतात. हिशेब करून पाहू. समजा एखादा भाग तीन वर्षांत बिघडायची शक्यता 10 टक्के. एक जादा घेतला तर दोन्ही जायची शक्यता 1 टक्का. छान वाटतं. पण ज्यांच्यावाचून जीव जाईल असे 100 भाग यानात असले, तर त्यांतल्या किमान एकाचं दिवाळं वाजायची शक्यता 63 टक्के निघते. प्रत्येकी दोन जादा घ्या, म्हणजे एकूण 300 नग. तरी धोका दहाला एक उरतोच. आणि या हिशेबात मी धरून चाललोय की प्रत्येक नग स्वतंत्रपणे बिघडतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. एकाच खेपेतल्या रबरी सीलमध्ये दोष असला तर तिन्ही सील एकाच महिन्यात जातात. त्या लघवीच्या यंत्राचे दहा जादा नग असते तरी दहाही तसेच तुंबले असते. डॉकयार्डमधला कुणीही जुना माणूस तुम्हाला हेच सांगेल: आकडेमोडीत बसणाऱ्या बिघाडांचं भय नसतं, न सुचलेल्या बिघाडाचं असतं.

त्रिमितीय छपाईने भाग तिथंच बनवता येतील असंही म्हणतात. ब्रॅकेट, नळ्या, हँडल जरूर बनतील. बेअरिंग, सेन्सर आणि झडपेची बसक बनवायला अजून वेळ आहे. मला त्यापेक्षा एक कंटाळवाणा उपाय जास्त पटतो: सगळ्या यंत्रांत पंप एकच, मोटर एकच, स्क्रू एकाच मापाचे, आणि प्रत्येक डबा आतपर्यंत उघडता येणारा. वजन थोडं वाढेल, कार्यक्षमता थोडी घटेल. पण एका बंद यंत्रातला पंप काढून दुसऱ्यात घालता येईल. यानं बनवणाऱ्यांना हे आवडत नाही, कारण प्रत्येक ग्रॅमवर त्यांचा जीव असतो.

हा हिशेब न करता स्वप्न विकणारेही होऊन गेले. ‘मार्स वन’ नावाच्या डच उपक्रमाने 2012 मध्ये मंगळावर कायमची वस्ती करायची घोषणा केली आणि जगभरातून अर्ज मागवले. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी त्यांचा आराखडा मांडून पाहिला. सगळं अन्न आतच पिकवायचं ठरवलं तर झाडं इतका प्राणवायू सोडतील की हवेचा तोल जाऊन साधारण 68 व्या दिवशी पहिला मृत्यू होईल, असं त्यात निघालं. आणि जसजशी वर्षं जातील तसतसं पाठवायच्या मालात सुट्या भागांचंच वजन जास्त होत जाईल. ती कंपनी 2019 मध्ये दिवाळखोर झाली.

आता उतरणं, कारण इथं वजनाला किंमत येते. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ. यान सेकंदाला पाच-सहा किमी वेगाने येतं, तेव्हा ही हवा त्याला जाळायला पुरेशी असते, पण जमिनीवर अलगद आणायला अपुरी पडते. फेब्रुवारी 2021 मध्ये उतरलेली पर्सिव्हिअरन्स गाडी 1,025 किलोची होती. तिला उष्णतारोधक ढाल, मग 21.5 मीटर व्यासाचं पॅराशूट, मग रॉकेटवर तरंगणारी क्रेन, एवढं सगळं लागलं आणि सात मिनिटांत आटोपलं. मंगळावर आजवर उतरवलेली सर्वांत जड वस्तू ती. माणसांच्या मोहिमेत एकेका खेपेला 20 टनांच्या आसपास उतरवावं लागेल. यान सगळ्या बाजूंनी सारख्याच प्रमाणात मोठं करून वजन 20 पट केलं तर समोरचं क्षेत्रफळ वाढतं जेमतेम सातपट. म्हणजे दर चौरस मीटरवर जवळपास तिप्पट वजन, आणि तेवढी हवा त्याला वेळेत रोखू शकत नाही. यान वेगात असतानाच जमीन येते. पॅराशूट मोठं करून भागत नाही. एवढं मोठं पॅराशूट आवाजाहून अधिक वेगात उघडताना फाटेल, नाहीतर उघडायलाच उशीर होईल.

यावर दोन वाटा दिसतात. एक, ढालच फुगवून मोठी करायची. नासाने नोव्हेंबर 2022 मध्ये सहा मीटरची फुगणारी ढाल पृथ्वीच्या वातावरणात उतरवून पाहिली आणि ती टिकली. दुसरी, आवाजाच्या कितीतरी पट वेगात असतानाच प्रवासाच्या दिशेने रॉकेट पेटवून ब्रेक मारायचा. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा परत येताना उंचावरच्या विरळ हवेत हेच करतो, आणि ती हवा बरीचशी मंगळासारखी असते. नासाने त्या उड्डाणांची निरीक्षणं मुद्दाम घेतली ती याचसाठी. उतरण्याचा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. पण संगणकाने काय मानलं आणि खरं काय होतं यातला फरक किती महाग पडतो हे युरोपच्या स्कायापरेली यानाने ऑक्टोबर 2016 मध्ये दाखवलं. पॅराशूटला झोके बसले, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण क्षणभर कमाल मर्यादेला अडकलं, संगणकाने हिशेब केला की आपण जमिनीच्या खाली आहोत, आणि पॅराशूट सोडून दिलं. यान तेव्हा 3.7 किमी उंचीवर होतं.

पुन्हा, एकच यान उतरवून भागणार नाही. घर, वीज, अन्न, परतीचं रॉकेट हे वेगवेगळ्या खेपांत येणार आणि सगळं एकमेकांपासून चालत किंवा गाडीने जाता येईल इतक्या अंतरात उतरायला हवं.

परतीचं रॉकेट हा यातला सर्वांत अवघड नग. नासाच्या अंदाजानुसार चार जणांना मंगळावरून उचलायला सुमारे 7 टन इंधन आणि 25 टन प्राणवायू लागेल. वर्षभर चौघांच्या श्वासाला लागेल टनभर. बाकी सगळा रॉकेटसाठी. एवढा प्राणवायू पृथ्वीवरून नेण्यापेक्षा मंगळाच्या हवेतून काढावा, कारण ती 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या छोट्या यंत्राने ते करून दाखवलं: 2021 ते 2023 मध्ये 16 वेळा चालून एकूण 122 ग्रॅम, सर्वाधिक वेग तासाला 12 ग्रॅम. मी त्या यंत्राचा चाहता आहे. पण 25 टन 14 महिन्यांत बनवायचा तर तासाला अडीच किलो हवा, म्हणजे मॉक्सीच्या कमाल वेगाच्या 200 पट, तोही दिवसरात्र. मग तो उणे 183 अंशांना द्रवरूपात साठवून ठेवायचा. शहाणपणाची रीत अशी की हे रॉकेट माणसांच्या एक फेरी आधी, म्हणजे 26 महिने अगोदर पाठवायचं आणि टाकी भरल्याचा संदेश आल्यावरच माणसांनी निघायचं. म्हणजे हा कारखाना तर दुरुस्तीला एकही हात नसताना चालवायचा आहे.

विजेचं थोडक्यात: सौर पॅनेलवर विसंबू नये. 2018 मध्ये ग्रहभर धुळीचं वादळ उठलं आणि ऑपर्च्युनिटी गाडी, जी 2004 पासून चालत होती, कायमची गप्प झाली. नासाने मार्च 2018 मध्ये नेवाडात छोट्या अणुभट्टीची चाचणी यशस्वी केली आहे. 10 किलोवॅटच्या तीन-चार भट्ट्या हा मला पटणारा मार्ग. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं क्षारही आहे, फिनिक्स यानाला ते 2008 मध्ये सापडलं, थायरॉइडला वाईट. म्हणजे बाहेरून येणारा सूट घरात न आणता भिंतीलाच लावून ठेवायची सोय हवी. सूट हाही वेगळाच विषय आहे: स्थानकावर वापरतात तो पृथ्वीवर सव्वाशे किलोच्या वर भरतो, मंगळावरही तो 45-50 किलोसारखा लागेल. तो घालून रोज पाना फिरवायचा!

किरणोत्साराबद्दल घबराटही पुष्कळ आहे आणि बेफिकिरीही. मोजमाप हाताशी आहे. क्युरिऑसिटी गाडी 2011-12 मध्ये मंगळाकडे जाताना यानातच मोजत गेली: दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप). जमिनीवर सुमारे 0.67. जाणं-येणं आणि दीड वर्षाचा मुक्काम धरला तर एकूण 1,000 मिलिसिव्हर्टच्या आसपास. नासाची अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा 600 आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात काम करणाऱ्याला आपल्याकडच्या नियमाने पाच वर्षांत मिळून 100 चालतात. म्हणजे हा डोस लगेच मारणारा नाही, पण कर्करोगाची शक्यता काही टक्क्यांनी वाढवणारा आहे. समजून-उमजून तो पत्करणारे लोक मिळतील. सौरवादळ मात्र वेगळं. ऑगस्ट 1972 मध्ये, अपोलो 16 आणि 17 च्या मधल्या काळात, एक मोठं वादळ येऊन गेलं. कुणी चंद्रावर असतं तर गंभीर आजारी पडलं असतं. त्यासाठी पाण्याच्या आणि अन्नाच्या साठ्यांनी वेढलेली छोटी खोली यानात ठेवता येते. सूर्यमालेबाहेरून, आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या जड कणांना ती पुरत नाही. पातळ धातूवर आदळून ते आणखी कण उडवतात. त्यावर खरा उपाय प्रवास लवकर उरकणं, आणि मंगळावर पोचल्यावर मातीखाली राहणं.

शरीराचं काय होतं ते बरंच ठाऊक आहे. कंबर-मांडीची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, रोज दोन तास व्यायाम करूनही स्नायू उतरतात, डोळ्यांच्या मागच्या भागाला सूज येऊन काहींची नजर बदलते. व्हॅलेरी पोल्याकोव्ह 1994-95 मध्ये सलग 437 दिवस मीरवर राहिले आणि उतरल्यावर स्वतःच्या पायांनी चालले, तेव्हा माणूस तग धरतो एवढं नक्की. पण मंगळावरचं वजन पृथ्वीच्या 38 टक्के. तेवढ्याने हाडं टिकतात का, यावर माणसांचा अनुभव जवळपास शून्य. कमी गुरुत्वात माणूस सलग सर्वांत जास्त राहिला तो अपोलो 17 वेळी, चंद्रावर, 75 तास. यान गोल फिरवून वजन निर्माण करता येतं: मिनिटाला चार फेरे आणि 21 मीटर त्रिज्या असली तर मंगळाइतकं वजन मिळतं. कल्पना जुनी आहे, गणित सोपं आहे, आणि तरी माणसांसाठी असं यान अजून कुणी बांधलेलं नाही याचं मला नवल वाटतं.

आजारपणाला मी दुरुस्तीच म्हणतो. आपलं मैत्री केंद्र अंटार्क्टिकात ज्या शिर्माकर ओअॅसिसमध्ये आहे, तिथंच काही किलोमीटरवर रशियाचं नोव्होलाझारेवस्काया केंद्र आहे. 30 एप्रिल 1961 ला तिथले एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी आपलं सुजलेलं अॅपेंडिक्स स्वतःच कापून काढलं. हवामानामुळे विमान येऊ शकत नव्हतं. वजनरहित अवस्थेत रक्ताचे थेंब हवेत तरंगतात, तेव्हा हे याहून बिकट. अलीकडचं उदाहरण शिकण्यासारखं आहे: अंतराळ स्थानकात एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत गुठळी सापडली. रक्त पातळ करणारं औषध होतं, पण मोजकं. पृथ्वीवरच्या तज्ज्ञाने फोनवर सल्ला देत ते पुरवून पुरवून वापरलं, तोवर मालवाहू यानातून दुसरं औषध पोचलं. मंगळाच्या वाटेवर ते दुसरं औषध पोचत नाही, आणि फोनही नाही. संदेश एका बाजूने पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात. मधे सूर्य आला की साधारण दोन आठवडे बोलणंच बंद. शिवाय औषधांची मुदत संपते, अन्नातलं क आणि ब-1 जीवनसत्त्व वर्षागणिक घटतं.

मनाच्या प्रश्नावर लोक भरभरून लिहितात. मला तो जरा फुगवलेला वाटतो. माणसं निवडून आणि तयार करून घेता येतात. मॉस्कोत 2010-11 मध्ये मंगळप्रवासाची तालीम म्हणून सहा जण 520 दिवस बंद राहिले. त्यांची झोप बिघडली, हालचाल मंदावली, एकाच्या शरीराचं घड्याळ 25 तासांचं झालं, पण मोहीम पार पडली. पाणबुडीत भांडणं होतात ती ताटावरून आणि झोपेच्या पाळीवरून, अस्तित्वाच्या प्रश्नावरून नव्हे. खरा फरक अधिकाराचा आहे. आज स्थानकावरची प्रत्येक दुरुस्ती जमिनीवरची डझनभर माणसं तासन् तास बघून सांगतात. 20 मिनिटांच्या अंतरावर ते चालणार नाही. चौघांपैकी एकाला जागेवर निर्णय घ्यावा लागेल, आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला तो आवडला नाही तरी उशीर झालेला असेल. आमच्याकडे कप्तानाला तो अधिकार शतकभरापासून आहे. अवकाश संस्थांना तो सोडणं जड जाईल.

भारताचं म्हणाल तर गगनयान ही इथलीच पहिली पायरी आहे. डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितलं होतं की यानातली हवा-पाणी राखणारी यंत्रणा बाहेरून मिळेल असं वाटलं होतं, पण कुणी द्यायला तयार नाही, म्हणून ती आपणच बनवतोय. मला ही बातमी रॉकेटच्या कुठल्याही चाचणीपेक्षा महत्त्वाची वाटली. ही विद्या विकत घेतलेल्याला दुरुस्ती येत नाही.

‘कधी?’ याला मी तारीख देत नाही. तारखा सांगणाऱ्यांचं रॉकेट किती मोठं आहे हेही मी फारसं बघत नाही. ह्यूस्टनमध्ये 2023-24 मध्ये चौघे जण मंगळाच्या घराच्या प्रतिकृतीत 378 दिवस राहिले. ते उपयोगी आहे, पण तिथली हवा पृथ्वीचीच होती. मला पाहायचंय ते वेगळं: चंद्राजवळ एक राहतं यान, चार माणसं, तीन वर्षांचा साठा एकदाच भरलेला, आणि त्यानंतर मालवाहू यान पाठवायचं नाही. काहीही बिघडो, आतल्यांनी आतल्याच सामानाने निभवायचं. अगदीच हाताबाहेर गेलं तर घर चार-पाच दिवसांवर आहे. त्यात झेंडा रोवायचा नसतो, म्हणून त्याला पैसे मिळणं कठीण. पण अशा यानातली बिघाडांची वही माझ्या हाती आली, तर ती चाळून मंगळाला निघायचं की नाही हे मी अर्ध्या दिवसात सांगीन.